सात वर्षं खबर नसलेला माणूस

मला समजावून सांगायची खोड आहे. वकील झालो तोसुद्धा या खोडीपायीच. भांडायची हौस मला कधी नव्हती. देवरूखकडच्या आमच्या डोंगरातल्या गावातून मुंबईला शिकायला गेलो, सनद घेऊन परत आलो आणि रत्नागिरीत भाड्याच्या घराच्या पडवीत टेबल-खुर्ची टाकून बसलो. ही गोष्ट पहिली जागतिक लढाई संपून नऊ-दहा वर्षं झाल्यानंतरची. अशिलं थोडी आणि वेळ उदंड, त्यामुळे जो पायरी चढेल त्याला मी इंग्रजी न्यायाची सगळी उतरंड समजावून देत असे. तळाला दुय्यम न्यायाधीशाचं कोर्ट, त्यावर जिल्हा न्यायाधीश, त्यावर मुंबईचं हायकोर्ट आणि सगळ्यात वर प्रिव्ही कौन्सिल, थेट लंडनला. आमच्या मिऱ्याच्या बंदरावरून निघालेला कज्जा आगबोटीने बादशहाच्या दारापर्यंत जाऊ शकतो, हे सांगताना माझा आवाज जरा चढायचाच. माणसं मुकाट ऐकून घेत आणि शेवटी विचारत, “मग आमच्या बांधाचं काय?”

ती पहिल्यांदा आली तेव्हा टोपलीत दोन ताजे सरंगे घेऊन आली होती. आमच्या घरात मासा चालत नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या बायकोने आतून नाकाला पदर लावला, आणि ती बाई इतकी ओशाळली की टोपली उचलून थेट रस्त्यावर गेली, शेजारच्या घरी मासे देऊन आली आणि मग पुन्हा पायरीवर बसली. खाडीपलीकडच्या एका गावची ती. माहेर नाटे गावचं. वय पस्तिशीच्या आसपास, म्हणजे माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि दोन्ही हातांत हिरवा चुडा.

“वकीलदादा,” ती म्हणाली, “मना माझं घर पायजे.”

तिची हकिगत अशी. नवरा खलाशी. दोघा भावांच्या वाटण्या रीतसर झालेल्या, आणि याच्या वाट्याला खाडीच्या तोंडाशी असलेलं एक कौलारू घर आणि पाच-सहा माड आले होते. लढाई संपता संपता तो मुंबईला जाऊन परदेशी जाणाऱ्या बोटीवर चढला. पहिल्या वर्षी कुणाकडून तरी लिहून घेतलेली दोन पत्रं आली. मग काही नाही. नऊ वर्षं काही नाही. मूल नव्हतं. मधे ती आजारी आईपाशी नाट्याला चार महिने राहिली. परत आली तर घराला दिराचं कुलूप आणि पडवीत दिराची जाळी. दीर म्हणाला, तू आमच्याकडे राहा, दोन घास खा, तुला नाही कुणी म्हणतंय? पण घर माझ्या भावाचं आहे. तो आला की त्याच्या हातात किल्ली देईन.

हे ऐकून मला आनंद झाला. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा झाला खरा, कारण हा कज्जा थेट पुस्तकातला होता. मी खुर्ची पुढे ओढली.

“हे बघ,” मी म्हणालो. तेव्हा मी तिला अगं-तुगं करत असे. “नवरा जिवंत असेल तर घर त्याचं, आणि दिराच्या म्हणण्याला आपल्याकडे उत्तर नाही. पण नवरा गेला असेल तर घर तुझं. तू हयात असेपर्यंत तुझं. आणि कायदा असं सांगतो की, ज्या माणसाची खबर ज्यांना सहज लागायला हवी होती, त्यांना जर सात वर्षं ती लागली नाही, तर तो माणूस मेला असं धरून चालायचं. मग तो जिवंत आहे हे दाखवायचा बोजा दिरावर. तू फक्त उभं राहून सांगायचं की, मला नऊ वर्षं खबर नाही. झालं.”

तिने चुड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “तो काय मेला नाय.”

“अगं, पण कायदा—”

“तुमचा कायदा कोनी केला?”

आता हा प्रश्न माझ्या आवडीचा होता. मी उतरंड मांडली. तालुका, जिल्हा, मुंबई, लंडन. हा सात वर्षांचा नियम मूळचा तिकडचाच, आणि शेकडो वर्षांचा आहे, हेही सांगितलं.

“तिकडं दर्या हाय?” तिने विचारलं.

“चारी बाजूंनी.”

“हां.” तिने मान हलवली. “मग तिकडच्या बायकापन वाट बघत बसल्या असतील. म्हनून कोनीतरी इचार केला असंल, की बाबा, किती वर्सं बसवायचं हिला.”

पुढे एकदा मी जुनी पुस्तकं चाळली, तेव्हा या नियमाच्या इंग्लंडमधल्या पहिल्यावहिल्या कायद्यांत ‘समुद्रापार राहिलेला माणूस’ असेच शब्द सापडले. कॉलेजात तीन वर्षं घोकलेल्या त्या कलमामागे दाराशी उभी असलेली एखादी बाई असेल, हे मला शिकवणाऱ्या कुणीही सांगितलं नव्हतं.

पण त्या दिवशी ती मेला म्हणायला तयार होईना. मी वैतागलो. माझा स्वभाव तसा तापटच. म्हणालो, “मग कशाला आलीस माझ्याकडे? तो जिवंत आहे म्हणतेस तर राहा दिराकडे आणि बघ वाट.”

“दिराचं घर आत हाय, वकीलदादा. वाडीच्या मागं. तिथनं खाडी दिसत नाय.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “तो आला तर कुठं येल? आपल्या घरीच ना? दार लावलेलं बघून परत फिरला तर? त्येला कोन सांगंल, मी मागं ऱ्हाते म्हनून?”

नवरा येईल म्हणून तिला घर हवं होतं, आणि घर मिळवायचं तर तो मेला म्हणून कोर्टात सांगायचं होतं. तिकडे दीर मनातून भावावर केव्हाच पाणी सोडून बसला होता, आणि तो शपथेवर सांगणार होता की भाऊ जिवंत आहे. इतका उफराटा कज्जा मी पुन्हा कधी चालवला नाही.

शेवटी तिने विचारलं, “आनि समजा निकाल झाला, आनि मग तो आला, तर?”

“तर काय? तो समोर उभा राहिला की आमचं धरून चालणं संपलं. घर त्याचं आणि तू त्याची बायको. त्याला कुणी अडवू शकत नाही.”

“खरं?”

“कायदाच तसा आहे. नक्की कळेपर्यंतच धरून चालायचं.”

तिने अंगठा पुढे केला. मी फिर्याद लिहायला घेतली, आणि रिवाजाप्रमाणे वादीच्या नावापुढे ‘विधवा’ असं लिहिलं. वाचून दाखवायला लागलो तशी तिने अंगठा मागे घेतला. तो कागद मी फाडला. नव्या कागदावर ‘बायको’ लिहिलं, आणि पुढे एवढंच, की नवऱ्याची नऊ वर्षं खबर नाही, सबब कायद्याने जे धरायचं ते कोर्टाने धरावं. माझ्याहून जुन्या वकिलांनी ती फिर्याद पाहिली असती तर हसले असते. पण ती दाखल झाली.

तारीख लागली तशी माझी आणखी एक अक्कल चालली. मी तिला निरोप धाडला की, साक्षीच्या दिवशी कुंकू लावून येऊ नकोस, चुडाही उतरवून ठेव. नाहीतर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारील. दुपारी जेवताना हे मी मोठ्या ऐटीत बायकोला सांगितलं. ती भात वाढत होती. तिचा हात तिथेच थांबला.

“हे तुम्ही तिला सांगितलंत? तुमच्या जिभेला काही हाड आहे की नाही?”

“अगं, कोर्टाचं काम आहे ते.”

“कोर्टाचं काम तुम्ही करा. तिचं कपाळ पुसायचं काम तुम्हाला कुणी दिलं?” असं म्हणून ती भाताचं पातेलं घेऊन आत गेली, आणि मी ताक-भाताच्या जागी नुसतं ताक पिऊन उठलो.

साक्षीच्या दिवशी ती आली ती नेहमीपेक्षा मोठं कुंकू लावून.

आमचे न्यायाधीश देशावरचे होते. माणूस सज्जन, पण समुद्राशी त्यांचा संबंध कोर्टाच्या खिडकीतून दिसणाऱ्या पाण्यापुरता. मचवा, पडाव, तांडेल, प्रत्येक शब्दाला लेखणी थांबायची. साक्षीदाराने मराठीत बोलायचं आणि त्यांनी ते इंग्रजीत लिहून घ्यायचं, अशी रीत. इंग्रजी पद्धतीत न्यायाधीश स्वतः उठून काही शोधायला जात नाही. दोन्ही बाजू आपापलं आणून समोर मांडतात आणि तो मधे बसून ऐकतो. हे मी तिला आधी सांगितलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, “मग चांगला चालता-फिरता मानूस बसवलाय कशाला?”

ईश्वरास स्मरून खरं सांगेन, असं तिने म्हटलं. नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा अर्थातच ती खाली बघून उभी राहिली. कारकुनाला सवय होती. त्याने फिर्यादीतलं नाव वाचून “हेच ना?” म्हटलं, तिने मान हलवली आणि काम पुढे गेलं. माझे प्रश्न साधे होते. पत्र आलं का, नाही. कुणी भेटला का, नाही. बोटीच्या ऑफिसात विचारलं का, होय, मुंबईला जाऊन आले, तिथे काही लागलं नाही.

मग समोरचे वकील उठले. केसांनी पांढरे, तपकिरीचे शौकीन, उलटतपासणीत जिल्ह्यात नावाजलेले. त्यांनी शांतपणे चिमूट ओढली, उपरण्याने नाक पुसलं आणि म्हणाले, “बाई, नवरा मेला म्हणतेस. मग हे कपाळावर काय आहे?”

कोर्टात कुणीतरी हसलं. माझे कान तापले. मी उठणार होतो, पण उठून काय हरकत घेणार? प्रश्न रास्त होता.

ती न्यायाधीशांकडे वळली, वकिलांकडे नाही. “सायेब, तो मेला असं मी बोललेच नाय. मी बोलले, खबर नाय. खबर नाय हे खरं हाय. मेला असं धरून चालायचं ते तुमच्या कायद्यानं. त्येनं धरावं. मी धरीत नाय.”

न्यायाधीशांची लेखणी थांबली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा लिहायला लागले. नंतर मी नक्कल काढून पाहिली. त्यांनी तिचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत उतरवून घेतलं होतं, आणि इंग्रजीतही ते चांगलं दिसत होतं.

आता बोजा दिरावर होता. दीर पिंजऱ्यात उभा राहिला, उंच, खांदे पडलेला कोळी, आणि त्याने शपथेवर सांगितलं की माझा भाऊ जिवंत आहे, तो येणार आहे. कशावरून? माझं मन सांगतं. मन पुराव्यात धरत नाहीत. म्हणून त्याने एक साक्षीदार आणला होता, शेजारगावचा, बोटीवर नोकरी केलेला एक खलाशी.

साक्षीदार म्हणाला, “दोन वर्सांमागं मी रंगूनला होतो. थितं धक्क्यावर मना एक खलाशी भेटला, तो बोलला की तुमच्याकडचा एक मानूस हितं—”

मी ताडकन उठलो. “हरकत आहे! ऐकीव पुरावा. ज्याने पाहिलं त्याला आणा. याने काय ऐकलं ते आम्हाला नको.”

इंग्रजी कायद्यातला हा माझा सगळ्यात लाडका नियम. दुसऱ्याच्या तोंडची गोष्ट कोर्टात चालत नाही, कारण ज्याने पाहिलं तो शपथेवर नाही आणि त्याला उलटे प्रश्न विचारता येत नाहीत. न्यायाधीशांनी मान डोलावली. हरकत मंजूर. पुढचं बोलू नका, असं त्यांनी साक्षीदाराला सांगितलं. तो खलाशी कुठे आहे? ठाऊक नाही, बोट गेली. साक्ष तिथेच संपली, आणि तिच्याबरोबर दिराचा कज्जाही. मी कोट सारखा करत विजयी मुद्रेने मागे वळून पाहिलं.

ती बाकावरून उठून उभी राहिली होती. दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून ती साक्षीदाराच्या तोंडाकडे बघत होती, आणि पट्टेवाला तिला खाली बसायला सांगत होता. तिला काही ऐकू येत नव्हतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या नवऱ्याबद्दल बोलायला तोंड उघडलं होतं, आणि ते मी बंद केलं होतं.

आजवर मी पुष्कळ हरकती घेतल्या. तेवढी एक मला अजून आठवते.

कोर्ट जेवणासाठी उठलं तशी ती बाहेर धावली. मी मागोमाग गेलो. साक्षीदार आवारातल्या वडाखाली विडी पेटवत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता विचारील, कुठे पाहिला, कधी, कुणाबरोबर. म्हणजे मी विचारले असते ते सगळे प्रश्न. तिने एकच विचारलं.

“बारीक झालाय काय?”

साक्षीदाराने विडी खाली टाकली. तो शिकवून आणलेला साक्षीदार होता, हे मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. वकिलाच्या प्रश्नांची उत्तरं त्याला पढवली होती, पण हा प्रश्न त्याला कुणी पढवला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दहा पावलांवर काळ्या कोटात उभा होतो.

“नाय वैनी,” तो म्हणाला. “बारीक कशाला? बरा होता. अंगानं भरलेला होता. मजेत होता.”

कोर्टात हा म्हणाला होता की दुसऱ्या कुणीतरी पाहिलं. आता हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगत होता. एवढी फट मला एरवी पुरली असती. पण मी हरकत घेतली नाही. मी माझ्या पायाखालची वडाची फळं बघत राहिलो.

तिने भाकरीचं फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली, पण त्याला ती गिळवत नव्हती.

त्या दिवसापासून मी तिला अहो-जाहो करू लागलो. ती हसली आणि म्हणाली, “आता काय झालं तुमाला?”

निकाल आमच्या बाजूने लागला. न्यायाधीशांनी इंग्रजीत वाचला आणि मी तो तिला मराठीत सांगितला. सदर इसम मयत समजण्यात यावा, घराचा ताबा वादीस देण्यात यावा. “समजण्यात यावा म्हंजी कोनी?” तिने विचारलं. मी म्हणालो, “कोर्टाने.” “मी नाय ना?” “तुम्ही नाही.” मग ती निकालाला राजी झाली. दीर वरच्या कोर्टात जाईल म्हणून मी अपिलाच्या तयारीने बसलो होतो, पण तो गेला नाही. किल्ली त्याने बेलिफाच्या हातात दिली आणि जाळी स्वतः उचलून नेली.

ताब्याच्या दिवशी मी होडीने पलीकडे गेलो. घर लहानसं होतं, पण पडवीतून खाडीचं अख्खं तोंड दिसत होतं आणि आत येणारं प्रत्येक शीड दिसत होतं. तिने आधी पडवी झाडली, मग आत गेली. निकालाची नक्कल मी तिच्या हातात दिली, ती तिने पत्र्याच्या नळकांड्यात घालून आढ्याला बांधून ठेवली.

“वकीलदादा, एक काम हाय,” ती म्हणाली. “तो आला म्हंजी हा कागद बघनार. त्येला भारी राग. म्हनेल, मी जिता असताना मना मेला म्हनून लिहून घेतलंस? मना तर वाचता येत नाय. तवा तुमी या आनि त्येला वाचून दाखवा. सांगा त्येला, की ही नाय बोलली, कायदा बोलला.”

“येईन,” मी म्हणालो.

“विसराल.”

“नाही विसरणार.”

पुढे नऊ-दहा वर्षं ती दर शिमग्याच्या आधी दोन नारळ आणून पायरीवर ठेवायची. मासे पुन्हा कधी आणले नाहीत. माझी बायको तिला आत बोलवून हळदी-कुंकू लावायची, आणि दोघी माझ्याबद्दल काहीबाही बोलून हसायच्या. दरवेळी जाताना ती विचारायची, “कबूल केलेलं ध्यानात हाय ना?” नवऱ्याची खबर थांबून बारा वर्षं झाली तेव्हा गावातल्या जाणत्यांनी तिला सांगितलं की आता पानांचा पुतळा करून त्याचं क्रियाकर्म उरकून टाक. तिने करू दिलं नाही. दिराने मधे पडून तो विषय मिटवला, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. मी त्यावर फारसा विश्वास ठेवला नव्हता.

मग एका सकाळी, अकराच्या सुमारास, मी वकिलांच्या खोलीत कागद चाळत होतो. पट्टेवाला म्हणाला, बाहेर कोणीतरी आहे, आत येत नाही. बाहेर पायरीवर तो दीर बसला होता. वयाआधीच म्हातारा दिसत होता. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं.

“वैनी गेली,” तो म्हणाला. “पहाटे. चार दिस ताप होता.”

मी त्याच्याशेजारी पायरीवर बसलो.

“बायका खोळंबल्यात, सायेब. तिला नेसवायचं काय? अर्ध्या म्हनतात, नवऱ्याचं क्रियाकर्म झालं नाय, ती सवाष्ण, हिरवं लुगडं नेसवा. अर्ध्या म्हनतात, कोर्टानं तिचा घो मेला म्हनून लिहून दिलंय, सरकारचा शिक्का हाय, आता सवाष्ण कशी? भटजी म्हनाले, कोर्टाचं आमाला कळत नाय, वकिलालाच इचारा. निकाल तुमी आनलात. तुमी सांगाल तसं.”

माझ्या डोळ्यांसमोर तो निकाल उभा राहिला. सदर इसम मयत समजण्यात यावा. मी मोठ्या हौसेने मिळवलेला. मला सांगता आलं असतं की तो निकाल त्या घरापुरता होता, धरून चालणं वेगळं आणि असणं वेगळं, आणि कपाळापर्यंत कोर्टाचा हुकूम पोचत नाही. सगळी उतरंड मांडता आली असती. ते सगळं बाजूला ठेवून मी त्याच्याकडे वळलो.

“तुम्ही तेव्हा शपथेवर काय सांगितलं होतंत?” मी विचारलं.

तो चपापला. “भाऊ जिता हाय म्हनून.”

“ते खरं होतं?”

तो जमिनीकडे बघत राहिला. तिच्यामागे ते घर त्याच्याकडेच येणार होतं, आणि त्यासाठी भाऊ मेलेलाच सोयीचा होता. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

“तवा घरासाठी बोललो, सायेब. खोटं कशाला सांगू?” त्याने ओल्या धोतराने डोळे पुसले. “पन ती रोज सांजची पडवीत बसायची. जाळी घेऊन येताना मना दिसायची. बघून बघून मनापन वाटाया लागलं, येल. आता मीपन खाडीकडं बघतो.”

“मग आजही तेच सांगा,” मी म्हणालो. “गावात जाऊन सगळ्यांसमोर सांगा, माझा भाऊ जिवंत आहे. तुमची साक्ष मला मान्य आहे. तिला हिरवं लुगडं नेसवा, चुडा भरा, मळवट भरा.”

तो उठला. माझे पाय धरू लागला, ते मी धरू दिले नाहीत. त्या दिवशीची माझी तारीख पुढे ढकलून घेतली आणि त्याच्याबरोबर मीही खाडीवर गेलो. घरून बायकोने ओटीचा खण आणि कुंकवाचा करंडा दिला होता, तो पोचवायचा होता.

तिचं दिवसकार्य उरकल्यावर दिराने ते पत्र्याचं नळकांडं माझ्याकडे आणून दिलं. ते माझ्या कपाटात कायद्याच्या पुस्तकांशेजारी उभं आहे. पडवीचं दार त्याने उघडंच ठेवलं आहे, आणि कोणी आलाच तर आधी माझ्याकडे धाडायचं असं आमचं ठरलं आहे. कागद वाचून दाखवायचं मी कबूल केलं होतं.